घरच्या बिअरचा गढूळपणा आणि फायनिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडच्या उत्तर भागात राहतो आणि गेली अकरा वर्षं गॅरेजमध्ये बिअर करतो. माझी एक खेप २३ लिटरची असते, म्हणजे इथल्या ५ गॅलनची. नव्याने बिअर करायला लागलेली इथली आणि अमेरिकेतली मराठी मंडळी फोन करतात तेव्हा बहुतेक वेळा विषय एकच असतो: चव छान जमली आहे, पण ग्लासात ताकासारखी दिसते, आता काय घालू? तीच उत्तरं इथे एकत्र करून ठेवतो आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी प्रमाणं २३ लिटरला धरून आहेत.

फायनिंग म्हणजे नेमकं काय?

द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांना एकत्र आणून तळाशी बसवणारा पदार्थ. आपल्याला ही गोष्ट नवीन नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की हंड्यात तुरटी फिरवतात, पूर्वी निवळीची बी उगाळून घालायचे. साखरेच्या पाकात चमचाभर दूध घातलं की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात भेंडीचा चिकट रस घालतात तोही मळी धरण्यासाठीच. बिअरमध्ये पदार्थ वेगळे आहेत, युक्ती तीच आहे.

कण खाली बसण्याचा वेग त्याच्या आकाराच्या वर्गावर ठरतो. आकार दुप्पट झाला की वेग चौपट, दहापट झाला की शंभरपट. यीस्टची एक पेशी ५ ते १० मायक्रॉनची असते आणि प्रथिनांचे कण त्याहून कितीतरी बारीक. एकेकटे ते आठवडेच्या आठवडे तरंगत राहतात. फायनिंग त्यांचे पुंजके करतं आणि जे काम महिन्याचं होतं ते दोन दिवसांत उरकतं.

मग कुठलं फायनिंग घालू?

हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की तुमची बिअर कशामुळे गढूळ आहे? ते कळल्याशिवाय काहीही घालू नका. ताप कशाचा आहे हे न बघता गोळी घेण्यासारखं ते आहे. एकाच खेपेत जिलेटिन, मग आयझिंग्लास, मग आणखी एक पाकीट असं करत गेलेले लोक मी पाहिले आहेत, आणि मुळात त्या बिअरमध्ये स्टार्च होता. त्यावर यातलं काहीच चालत नाही.

गढूळपणाची कारणं मुख्यतः अशी.

यीस्ट. आंबवण्याचं काम संपलं तरी काही जातींचं यीस्ट खाली बसायला तयार नसतं. नव्या माणसाच्या बिअरमध्ये बहुतेक वेळा हेच असतं.

प्रथिनं आणि पॉलिफेनॉल. प्रथिनं येतात माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून. पॉलिफेनॉल हे तुरट पदार्थ येतात माल्टच्या सालांमधून आणि हॉप्समधून, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधून. बिअर थंड झाली की दोघं एकमेकांना सैल धरतात आणि बारीक धुकं दिसायला लागतं. ती खोलीच्या तापमानाला आली की हात सुटतात आणि बिअर पुन्हा नितळ होते. इंग्रजीत याला चिल हेझ म्हणतात, मी इथे थंडीचं धुकं म्हणेन. हेच पुन्हा पुन्हा होत राहिलं, किंवा बिअरला हवा लागली, तर ती पकड कायमची होते आणि मग गरम करूनही धुकं जात नाही.

स्टार्च. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात मुरवून त्यातल्या स्टार्चची साखर करणं, नीट झाला नाही, किंवा ओट्स-गव्हाचे फ्लेक्स माल्टशिवाय नुसते कोमट पाण्यात भिजवून घेतले, तर न फुटलेला स्टार्च बिअरमध्ये उतरतो.

हॉप्स. आंबून झालेल्या थंड बिअरमध्ये भरपूर हॉप्स टाकले (याला ड्राय हॉप म्हणतात) तर त्याच्यासोबत पॉलिफेनॉलही भरपूर येतात.

आणि शेवटचं, संसर्ग. रानटी यीस्ट किंवा जिवाणू शिरले असतील तर बिअर गढूळ होते आणि दिवसेंदिवस अधिक गढूळ होत जाते.

घरच्या घरी ओळखायचं कसं?

एक ग्लास, एक फ्रिज, एक टॉर्च आणि औषधाच्या दुकानातलं आयोडीन. एवढ्यात काम होतं.

नमुना उंच, पारदर्शक ग्लासात घ्या. खोलीच्या तापमानाला नितळ दिसतो का ते बघा. मग तोच ग्लास वरून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बघताना ग्लासावर बाहेरून दव जमलेलं असतं, तेवढ्यानेच बिअर गढूळ वाटते, म्हणून आधी तो कोरड्या फडक्याने पुसा. खोलीत नितळ आणि फ्रिजमध्ये धूसर असेल तर ते थंडीचं धुकं. दोन्हीकडे गढूळ असेल आणि फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवल्यावर तळाशी मऊ, फिकट पिवळसर साका बसून वरचा थर मोकळा व्हायला लागला, तर ते यीस्ट.

अंधारात ग्लासामागे टॉर्च धरली तर आणखी कळतं. यीस्ट असेल तर प्रकाशाच्या पट्ट्यात कण वेगवेगळे दिसतात, खिडकीतल्या उन्हात धूळ दिसते तसे. प्रथिनांचं धुकं मात्र एकसंध, दुधाळ दिसतं, त्यात कण नजरेला सापडत नाही.

आयोडीनसाठी पांढऱ्या बशीत चमचाभर बिअर घ्या आणि एक थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोग तो हाच. ती बशीतली बिअर टाकून द्या, परत भांड्यात ओतू नका.

संसर्ग असेल तर डोळ्यांआधी नाकाला कळतो. आंबूस, औषधी किंवा कुबट वास, पृष्ठभागावर पातळ साय, बाटलीच्या मानेत काचेला चिकटलेलं कडं. अशा बिअरला फायनिंग घालू नका. भांडी, नळ्या, झाकणं यांची स्वच्छता तपासा आणि पुढची खेप लावा.

उकळतानाच काही घालता येतं का?

येतं. यीस्ट घालण्याआधी माल्टचा गोड रस, म्हणजे वर्ट, उकळतात तेव्हा, आणि मी प्रत्येक फिकट बिअरमध्ये घालतो. आयरिश मॉस हे त्यातलं जुनं नाव. ते शेवाळ नव्हे, अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणारं तांबडं समुद्री शैवाल आहे. त्यात कॅरागिनन नावाचा पदार्थ असतो आणि तो प्रथिनांना धरतो. वाळलेलं आयरिश मॉस चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास, उकळी संपायला १५ मिनिटं असताना घालायचं. आधी थोड्या पाण्यात भिजवून घेतलं तर चांगलं मिसळतं. त्याच कॅरागिननच्या तयार गोळ्याही मिळतात. इथे प्रोटाफ्लॉक आणि अमेरिकेत व्हर्लफ्लॉक ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. मला अर्धी गोळी पुरते, शेवटच्या १० मिनिटांत.

सुरुवातीलाच घालून तासभर उकळू नका. वर्ट आम्लधर्मी असतो, त्यात जास्त वेळ उकळून कॅरागिनन तुटतं आणि निकामी होतं. त्याचं खरं काम उकळताना होतही नाही, वर्ट थंड होताना होतं. म्हणून गोळी घातल्यावर वर्ट झटकन थंड करणं हा त्याच कृतीचा दुसरा अर्धा भाग समजा. तांब्याची कॉइल सोडून २० मिनिटांत २० अंशांवर आणलेला वर्ट बघण्यासारखा असतो: वर चहासारखा स्वच्छ आणि मध्ये अंड्याच्या सूपसारखे पांढुरके तुकडे खाली उतरत असतात. तो गाळ पातेल्यात ठेवून वरचा वर्ट फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, घ्या.

जास्त घातलं तर जास्त नितळ, असा हिशोब इथे चालत नाही. पूर्ण गोळी किंवा दोन गोळ्या घातल्या की गाळ कापसासारखा फुगतो, नीट दबत नाही आणि दोन-अडीच लिटर वर्ट त्याच्यासोबत वाया जातो.

आणि हे लक्षात ठेवा, की उकळताना घातलेलं फायनिंग प्रथिनांसाठी आहे. यीस्ट तर नंतर येतं, त्याच्याशी याचा संबंध नाही.

जिलेटिन कसं घालायचं?

यावर सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आंबणं पूर्ण झालं आहे याची खात्री करा. हायड्रोमीटरचा (साखर किती उरली ते दाखवणाऱ्या उपकरणाचा) आकडा दोन-तीन दिवस तोच राहायला हवा. मग बिअर थंड करा. ४ अंशांच्या खाली गेली तर उत्तम, १० अंशांच्या वर असेल तर थांबा. थंडी का हवी? थंडीत धुकं तयार होतं आणि जिलेटिनला धरायला काहीतरी मिळतं. कोमट बिअरमध्ये यीस्ट थोडंफार खाली जाईल, पण धुकं विरघळलेलंच राहील आणि नंतर फ्रिजमध्ये ठेवल्यावर पुन्हा डोकं वर काढेल.

बिअर रात्रभर थंड झाली की एका वाटीत १०० मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी घ्या. त्यावर बिनचवीचं, बिनसाखरेचं जिलेटिन भुरभुरा, २ ते ४ ग्रॅम, म्हणजे अर्धा ते एक सपाट छोटा चमचा. लगेच ढवळू नका. दहा-पंधरा मिनिटांत दाणे पाणी पिऊन भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात. आता वाटी गरम करा, ६५ ते ७० अंशांपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये दहा-दहा सेकंद लावून प्रत्येक वेळी ढवळून थर्मामीटर बुडवायचा. उकळू द्यायचं नाही, उकळलं की जिलेटिनची साखळी तुटते आणि त्याची पकड जाते. योग्य वेळी पाणी पुन्हा पारदर्शक होतं आणि बोटांना किंचित चिकट लागतं.

हे गरम पाणी थेट थंड बिअरवर हळूहळू ओता. फर्मेंटरचं झाकण कमीत कमी वेळ उघडं ठेवा. आंबणं संपलेल्या बिअरचा हवा हा मोठा शत्रू आहे, आणि नितळ करण्याच्या नादात तिला पुठ्ठ्यासारखी चव आणू नका. केग (गॅसच्या दाबाखाली बिअर ठेवायचं धातूचं पिंप) असेल तर काम अधिक सोपं: केगमध्ये जिलेटिन घाला, वर बिअर भरा, कार्बन डायऑक्साइडने मोकळी जागा धुऊन घ्या आणि थंड ठेवा. दोन दिवसांनी पहिला ग्लासभर साका निघतो, नंतर स्वच्छ बिअर येते.

फर्मेंटरमध्ये घातलं असेल तर ४८ तास हलवू नका. मग सायफनची नळी साक्याच्या दोन बोटं वर ठेवून बिअर काढा. शेवटचा अर्धा लिटर सोडून द्या. त्या अर्ध्या लिटरच्या मोहापायी दोन दिवसांचं काम पाण्यात जातं.

घातलं तरी निवळली नाही. आता?

आणखी दोन दिवस थांबा. तरीही नाही, तर वरच्या चाचण्या करा. बहुधा बिअर पुरेशी थंड नव्हती किंवा जिलेटिन उकळलं होतं. आयोडीन निळं पडलं तर तो स्टार्च आहे, बिअर तशीच प्या, चवीला ती बहुतेक वेळा चांगलीच असते. पुढच्या वेळी मॅश ६५ ते ६७ अंशांवर पूर्ण तासभर ठेवा आणि उकळायला घेण्याआधी आयोडीनने तपासा.

आयझिंग्लास कशाचं करतात? मासा असतो असं ऐकलं.

बरोबर ऐकलं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, ती वाळवून, आम्लात मुरवून आयझिंग्लास करतात. त्यातलं कोलॅजन बिअरमध्ये धन प्रभाराचं असतं आणि यीस्टच्या पेशीवर ऋण प्रभार असतो, म्हणून दोघं एकमेकांना ओढतात. पूर्वी ते रशियाकडून येणाऱ्या स्टर्जन माशाचं असायचं आणि महाग पडायचं. १७९५ मध्ये विल्यम मर्डॉक या स्कॉटिश अभियंत्याने कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. ब्रिटिश पबच्या तळघरात पिंपातून ओढली जाणारी पारंपरिक एल आजही बहुतेक यावरच निवळते.

कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांना ही पिशवी चांगली माहीत असेल. घोळ माशाचं भोत म्हणतात ते हेच, कुणी बोत म्हणतं. घोळ जाळ्यात सापडला की मांसापेक्षा भोताचा भाव आधी विचारला जातो, कारण मुंबई आणि पालघरकडून ते पूर्वेच्या देशांत जातं. माझ्या फ्रिजमधल्या प्लास्टिकच्या पाकिटातला पातळ, खळीसारखा द्रव आणि माहीमच्या कोळीवाड्यात लहानपणी पाहिलेलं ते पांढरं, दोरीवर वाळत घातलेलं भोत, एकाच जातीची वस्तू आहे हे मला इथे आल्यावर कळलं, आणि त्या दिवशी खूप आनंद झाला होता.

वापरायला ते सोपं आहे. बहुतेक घरगुती पाकिटं तयार द्रवाची असतात, प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं. गरम मात्र करायचं नाही. २० अंशांच्या वर ते हळूहळू बिघडतं आणि साधं जिलेटिन होऊन जातं. आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. जिलेटिनच्या तुलनेत त्याचे दोन फायदे आहेत. तळघराच्या ११ ते १३ अंशांतही ते यीस्ट छान खाली आणतं, आणि पिंप हलवल्यामुळे साका उठला तरी पुन्हा बसतं. पबमध्ये पोचेपर्यंत पिंपाला किती धक्के बसतात हे पाहिलं की त्याचं महत्त्व कळतं. थंडीच्या धुक्यावर मात्र त्याचा फारसा भरवसा धरू नका, यीस्टसाठीच वापरा.

मग अशी बिअर शाकाहारी म्हणायची का?

नाही. जिलेटिन गाईगुरांच्या किंवा डुकराच्या कातडी-हाडांचं असतं, आयझिंग्लास माशाचं. बहुतेक भाग साक्यासोबत खाली जातो हे खरं, पण 'खाली बसलं म्हणजे नाहीच' असं दुसऱ्याच्या वतीने आपण ठरवू शकत नाही.

मला हे एका मित्रामुळे कळलं. तो शाकाहारी आहे, बिअर आवडीने घेतो. एका उन्हाळ्यात बागेत जेवायला आला होता. ग्लास उन्हात धरून म्हणाला, "काय सुंदर निवळली आहे रे, कशी केलीस?" मी उत्साहाने जिलेटिनची सगळी कृती सांगितली. त्याने ग्लास शांतपणे टेबलावर ठेवला आणि पाणी मागितलं. रागावला नाही, पण त्याला न सांगता मी त्याला जे पाजलं त्याची भरपाई कशानेही होत नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी असते आणि त्यावर लिहिलेलं असतं: 'जिलेटिन', 'मासा' किंवा 'शाकाहारी'. तुम्हीही हे करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या घरी येणाऱ्यांत शाकाहारी आहेत, जैन आहेत, डुकराचं किंवा गाईचं काही न चालणारे आहेत. युरोपात आणि ब्रिटनमध्ये बिअर निवळवायला वापरलेल्या आयझिंग्लासचा उल्लेख लेबलवर करण्यातून कायद्याने सूट आहे, त्यामुळे विकतच्या बाटलीवरही हे दिसत नाही. निदान घरच्या बाटलीवर दिसू दे.

मोठे उत्पादकही आता याचा विचार करतात. गिनेसने २०१५ च्या नोव्हेंबरात आयझिंग्लास सोडून गाळण्याची नवी पद्धत आणत असल्याचं जाहीर केलं.

शाकाहारी पर्याय कोणते?

उकळताना घालायचं आयरिश मॉस आणि त्याच्या गोळ्या शाकाहारीच आहेत, त्याची काळजी नको.

आंबल्यानंतर घालायला सिलिकाची द्रवरूप फायनिंग मिळतात, वाळूशी नातं सांगणारा खनिज पदार्थ. बायोफाइन क्लिअर हे त्यातलं माहितीचं नाव. थंड बिअरमध्ये थेट ओतायचं, गरम-बिरम काही नाही. मी घरी आता मुख्यतः हेच वापरतो. किंमत जिलेटिनपेक्षा जास्त आहे, पण सगळ्यांना एकाच केगमधून देता येतं हे मला मोलाचं वाटतं.

दोन पाकिटांची जोडी मिळते त्यात सावध राहा. पहिल्यात सिलिका असते, दुसऱ्यात बहुधा कायटोसान, आणि ते सहसा कोळंबी-खेकड्याच्या कवचांचं असतं. बुरशीपासून केलेलं कायटोसानही असतं, म्हणून पाकीट वाचा. कवचवाल्या माशांची अॅलर्जी असलेल्यांना तर हे आधी सांगायलाच हवं.

पीव्हीपीपी ही पावडर पॉलिफेनॉल पकडते. २३ लिटरला ५ ते १० ग्रॅम, थोड्या पाण्यात तासभर भिजवून. हा न विरघळणारा प्लास्टिकसारखा पदार्थ आहे, पिण्याची वस्तू नव्हे. तो पूर्ण खाली बसू द्यायचा आणि बिअर वरून काढायची. हॉप्सचं धुकं आणि थंडीचं धुकं यावर उत्तम, यीस्टवर उपयोग नाही.

चौथा पर्याय एन्झाइमचा. क्लॅरिटी फर्म नावाने मिळतं, यीस्टसोबत सुरुवातीलाच घालायचं. धुकं करणारी प्रथिनं ते आधीच कापून टाकतं, त्यामुळे पुढे थंडीत धुकं धरतच नाही. यातून ग्लूटेनही खूप कमी होतं, पण सीलिअॅकच्या (ग्लूटेन न चालणाऱ्या) रुग्णाला 'ही घे, चालेल' असं कधीही सांगू नका. घरी ते मोजण्याची सोय आपल्याकडे नसते.

तुरटी चालेल का? चायना ग्रास? अंड्याचा पांढरा बलक?

तुरटी नको. पाण्यात तिचं काम होतं कारण पाणी आम्लधर्मी नसतं. बिअरचा पीएच ४ ते ४.५ असतो, तिथे तुरटीचे पुंजके बनत नाहीत, ती विरघळून राहते आणि तोंड तुरट करते.

चायना ग्रासही समुद्री शैवालाचंच, म्हणून अनेकांना वाटतं की कॅरागिननसारखं चालेल. पण यीस्टला ओढणारा प्रभार त्याच्यात नाही आणि ते ३५-४० अंशांनाच गोठतं. थंड बिअरमध्ये ओतलं तर जेलीचे तुकडे तरंगतील.

अंड्याचा पांढरा भाग तांबड्या वाइनसाठी वापरतात, तिथे भरपूर टॅनिन असतं. बिअरमध्ये नको.

काहीच न घालता बिअर निवळत नाही का?

निवळते, आणि खरं सांगायचं तर माझ्या सगळ्यात सुंदर खेपा तशाच निवळल्या आहेत. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: नीट बसणारं यीस्ट, थंडी आणि वेळ.

यीस्टच्या जातीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एस-०४ हे इंग्लिश जातीचं कोरडं यीस्ट तळाशी असं घट्ट बसतं की फर्मेंटर तिरका केला तरी हलत नाही. यूएस-०५ ला जास्त दिवस लागतात. गव्हाच्या जर्मन बिअरचं यीस्ट तरंगतच राहतं, ते तसंच असायला हवं. पाण्यात पुरेसं कॅल्शियम असेल तर यीस्टचे पुंजके लवकर होतात, लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असलं की बरं. इथे काही भागांत नळाचं पाणी फार मऊ आहे, तिथे थोडं जिप्सम घालावं लागतं.

थंडीसाठी फर्मेंटर ० ते ४ अंशांत दोन-तीन दिवस. जानेवारीत माझं गॅरेज हे काम फुकट करतं. थंड होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं (गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेतलं) पाणी आत ओढलं जातं, म्हणून त्याआधी एअरलॉक काढून तिथे घट्ट बूच लावा किंवा कार्बन डायऑक्साइड भरलेला फुगा लावा.

आणि वेळ. लागर तीन-चार आठवडे १-२ अंशांत पडून राहिली की वरचा प्रकाश तिच्या तळापर्यंत जातो. जर्मनीत १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता नियमाची परंपरा सांगणाऱ्या ब्रूअरीज पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या आहेत. आज तिथला कायदा पीव्हीपीपीसारखी, बिअरमधून पुन्हा काढून टाकता येणारी मदत चालवून घेतो. तुमच्याकडे महिना असेल तर पाकीट फोडायची गरज नाही. पुढच्या शनिवारी पाहुणे असतील तर फोडा, त्यात कमीपणा काही नाही.

फायनिंग घातल्यावर बाटलीत गॅस तयार होईल का?

होईल. नजरेला बिअर पूर्ण स्वच्छ दिसली तरी तिच्यात लाखो पेशी उरलेल्या असतात आणि साखरेचं काम करायला त्या पुरतात. नेहमी दोन आठवड्यांत होत असेल तर तीन धरा, आणि बाटल्या २० अंशांच्या आसपास ठेवा. अपवाद महिनोन् महिने थंडीत ठेवलेल्या बिअरचा. तिथे बाटल्या भरताना चिमूटभर ताजं कोरडं यीस्ट घालतो.

चव किंवा वास कमी होतो का?

योग्य प्रमाणात घातलं तर चव उलट मोकळी होते, यीस्टचा पिठूळपणा आणि थोडा कडवट तुरटपणा जातो. यीस्टला चिकटलेलं हॉप्सचं तेल मात्र त्याच्यासोबत खाली जातं. म्हणून ड्राय हॉप करायचा असेल तर आधी यीस्ट खाली बसवा, मग हॉप घाला. जास्त जिलेटिनने फेस कमी टिकतो असाही माझा अनुभव आहे, म्हणून ४ ग्रॅमच्या वर मी जात नाही.

कुठल्या बिअरला घालू नये?

गव्हाची बिअर, बेल्जियन विटबिअर, आणि न्यू इंग्लंड पद्धतीची धूसर आयपीए. त्यांचं धुकं हा त्यांचा भागच आहे. स्टाउट आणि पोर्टर या काळ्या बिअरमध्ये दिसतच नाही, मग कशाला?

महाराष्ट्रात घरी बिअर करता येते का?

परवान्याशिवाय नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. गोव्यातही मद्यनिर्मितीला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही, पण विकता येत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने वर्षाला एका प्रौढ माणसाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनची मुभा आहे. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली, ती शेवटची दोन राज्यं. गावी सुट्टीला जाताना किट घेऊन जाऊ नका. तिथल्या भावाबहिणींना अडचणीत टाकू नका.

तळाचा साका प्यायला गेला तर?

अपाय नाही. पोटात गुरगुरेल, गॅस होईल, कुणाला सकाळी पोट साफ होईल. ओतताना बाटली एकदाच तिरकी करा आणि साक्याची रेघ मानेपाशी आली की थांबा. बाटली पुन्हा सरळ केली की साका उठतो, म्हणून मोठ्या बाटलीसाठी दोन ग्लास आधीच शेजारी मांडून ठेवा.

फर्मेंटरमधला साका बागेतल्या कंपोस्टमध्ये टाकायला हरकत नाही, पण त्यात हॉप्स असतील आणि घरात कुत्रा असेल तर टाकू नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. मी ते पिशवीत बांधून, झाकणाच्या डब्यात टाकतो.